रानवाटेची धांव

मनुष्य दोन कारणांसाठीं धांवतो, असें सामान्यतः मानलें जातें. एक तर कोणी तरी पाठीस लागलेलें असतें, किंवा पुढें कांहीं तरी गांठावयाचें असतें. परंतु याखेरीज तिसरेंहि एक कारण आहे, आणि तें प्रत्येक लहान मुलास ठाऊक असतें. शाळा सुटल्याची घंटा झाली कीं मुलें फाटकाकडे धांवत सुटतात. त्यांच्या मागें वाघ लागलेला नसतो कीं पुढें पंगत मांडलेली नसते. पाय आहेत, मोकळी जागा आहे आणि सोबतीला मित्र आहेत, एवढेंच त्या धांवण्याचें कारण. वय वाढलें म्हणजे हें तिसरें कारण मनुष्य विसरतो. तें त्याला पुन्हां कसें आठवलें आणि आठवल्यावर तें राखण्यासाठीं त्याला कशाकशाशीं झगडावें लागलें, ही हकीकत मोठी मनोरंजक आहे. इंग्रजींत ज्याला 'क्रॉस-कंट्री' म्हणतात, म्हणजे आंखीव मैदान सोडून शेतें, कुरणें, ओढे आणि टेकड्या ओलांडीत रानोमाळ धांवण्याचा जो खेळ, त्याच्या इतिहासांत ती सांपडते.

या खेळाचा जन्म इंग्लंडांत झाला. मात्र तेथेंहि अठराव्या शतकापर्यंत धांवणें ही सभ्य गृहस्थाची करमणूक नव्हती. तें चाकराचें काम होतें. आपल्याकडे जसे जासूद आणि डाकेचे हरकारे, तसे तिकडे बड्या सरदारांच्या पदरीं घोडागाडीपुढें धांवणारे नोकर असत. धन्यांनीं आपापल्या नोकरांच्या शर्यती लावाव्या, त्यांवर पैजा माराव्या, आणि नोकरांनीं छाती फुटेपर्यंत धांवावें, अशी चाल होती. पुढें पैजेच्या नादानें गृहस्थहि मैदानांत उतरले. १८०९ सालीं कॅप्टन बार्क्ले यानें न्यूमार्केट येथें १,००० तास, दर तासाला एक मैल याप्रमाणें, १,००० मैल चालून १,००० गिनींची पैज जिंकली, तेव्हां पाहावयास लोटलेल्या गर्दीनेंहि आपले पैसे लावलेले होते. थोडक्यांत, पायांचा उपयोग एक तर पोटासाठीं होता, नाहीं तर पैजेसाठीं. निव्वळ मौजेसाठीं धांवण्याची कल्पना मोठ्या माणसांना सुचली नाहीं. ती शाळेंतल्या पोरांना सुचली.

वेल्सच्या सरहद्दीजवळ श्रूझबरी नांवाचें गांव आहे. तेथील जुन्या शाळेंत १८१९ पर्यंत हा खेळ रुजला होता, असा पुरावा आहे, आणि १८३१ पासूनच्या त्याच्या लेखी नोंदी उपलब्ध आहेत. घोड्यावर बसून, कुत्र्यांचा कळप सोडून कोल्ह्याची किंवा सशाची शिकार करणें हा तिकडील जमीनदारांचा षोक. शाळेंतल्या मुलांजवळ घोडे नव्हते आणि कुत्रेहि नव्हते. तेव्हां त्यांनीं स्वतःच कुत्रे व्हावयाचें ठरविलें! टोळीचा नायक तो 'शिकारी', बाकीचे सारे 'कुत्रे', आणि शर्यत जिंकणें म्हणजे 'शिकार मारणें', अशी परिभाषा त्या शाळेंत रूढ झाली. याच शाळेंत १८१८ पासून १८२५ पर्यंत चार्लस डार्विन शिकत होता. तो वसतिगृहांत राही, पण घर मैलाहून थोडेंसेंच दूर. हजेरी झाली कीं तो घरीं पळे आणि रात्रीं दारें बंद होण्यापूर्वी धांवत परत येई. पुढें आत्मचरित्रांत त्यानें लिहून ठेवलें आहे कीं, वेळेवर पोंचण्याची शंका वाटली म्हणजे आपण देवाची प्रार्थना करीत असूं, आणि यशाचें श्रेय पायांना न देतां प्रार्थनेलाच देत असूं.

श्रूझबरीखालोखाल या खेळाला नांवलौकिक मिळाला तो रग्बी येथील शाळेमुळें. डॉक्टर थॉमस आर्नोल्ड तेथें १८२८ पासून १८४२ पर्यंत मुख्याध्यापक होते. त्यांच्या अमदानींत, १८३८ च्या सुमारास, क्रिक या खेड्याच्या नांवानें ओळखली जाणारी लांब धांव सुरू झाली. याच शाळेचा माजी विद्यार्थी थॉमस ह्यूज यानें १८५७ मध्यें 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज' ही कादंबरी प्रसिद्ध केली आणि तींत 'ससा आणि कुत्रे' या खेळाचें वर्णन केलें. खेळाची रीति अशी : जुनीं वर्तमानपत्रें आणि वह्या फाडून त्यांचे बारीक कपटे करावयाचे व ते पिशव्यांत भरावयाचे. दोन चपळ मुलें 'ससे' होऊन त्या पिशव्यांसह पुढें निघत आणि जातां जातां कपटे टाकीत जात. कांहीं मिनिटांनीं बाकीची टोळी त्या कागदी मागावरून त्यांचा पाठलाग करी. ससे मुद्दाम ओढ्यांतून, कुंपणांवरून आणि नांगरलेल्या शेतांतून वाट काढीत. मध्येंच माग तुटे. मग सारी टोळी थांबून चहूंकडे पांगे आणि कपटे हुडकी.

या थांबण्यांतच खेळाचें मर्म होतें. जो सर्वांत वेगवान तोच नेहमीं पुढें, असा सरळ न्याय येथें नव्हता. पुढच्यांचा माग चुकला कीं मागून धापा टाकीत येणारा मंद मुलगा त्यांना गांठी, आणि हरवलेला पहिला कपटा कधीं कधीं त्याच्याच दृष्टीस पडे. येथें घड्याळ नव्हतें आणि मोजलेलें अंतरहि नव्हतें. ह्यूजच्या कादंबरींतील टॉम आणि त्याचे दोघे सोबती तर अखेर वाट चुकतात, अंधार पडल्यावर चिखलानें माखून परततात आणि भीत भीत मुख्याध्यापकांसमोर उभे राहतात. मुख्याध्यापक त्यांना शिक्षा करीत नाहींत, मायेनें वागवितात. खेळ हा खेळ आहे हें तोंवर मोठ्यांनाहि कळत होतें.

परंतु एखादी गोष्ट मुलांच्या आवडीची आहे आणि शिवाय हितकरहि आहे, असें वडीलधाऱ्यांच्या ध्यानांत आलें कीं ती सक्तीची होण्यास फारसा वेळ लागत नाहीं. दमलेला मुलगा खोड्या करीत नाहीं, हें शाळांनीं ओळखलें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथील मोठ्या शाळांतून खेळ सक्तीचे होत गेले, आणि ज्या दिवशीं मैदान चिखलानें निरुपयोगी होई त्या दिवशीं सर्वांना रानांत पिटाळावें, असा सोयीचा प्रघात पडला. ज्या मुलांनीं हा खेळ शोधून काढला त्यांच्याच नातवंडांना तो शिक्षेसारखा वाटूं लागला. थंडी, चिखल, कुडकुडणारे उघडे गुडघे आणि मागून ओरडणारे मास्तर, एवढीच त्या धांवेची आठवण घेऊन हजारों मुलें शाळेबाहेर पडलीं व जन्मांत पुन्हां धांवलीं नाहींत. शिक्षणाच्या इतिहासांतील ही कांहीं लहानसहान हानि नव्हे.

सुदैवानें शाळा सोडलेल्या कांहीं तरुणांना बालपणचा तो खेळ निराळ्याच मार्गानें पुन्हां भेटला. टेम्स नदीवर होड्या वल्हविणाऱ्या एका क्लबांतील मंडळींना प्रश्न पडला कीं, हिंवाळ्यांत शरीर कसें राखावें? १८६७ च्या डिसेंबरांत त्यांनीं लंडनच्या नैर्ऋत्येस असलेल्या विंबल्डनच्या माळावर एक धांव घेऊन पाहिली. ती इतकी आवडली कीं पुढच्याच वर्षीं, १८६८ मध्यें, 'टेम्स हेअर अँड हाउंड्स' हा क्लब निघाला. शाळांच्या बाहेर, केवळ रानोमाळ धांवण्यासाठीं स्थापन झालेला हा सर्वांत जुना क्लब, आणि तो आजहि चालू आहे. त्याचा पुढारी वॉल्टर राय हा धंद्यानें वकील आणि आवडीनें संशोधक होता. नॉरफोक परगण्याच्या जुन्या दप्तरांत त्यानें आयुष्याचा मोठा भाग घालविला. दप्तरांतला माग आणि रानांतला माग या दोहोंची त्याला सारखीच गोडी. या खेळाचा जनक म्हणून इंग्लंडांत त्याचेंच नांव घेतात.

या मंडळींचें अनुकरण करीत असे क्लब गांवोगांव निघाले. त्यांची एक रीति लक्षांत ठेवण्यासारखी आहे. शनिवारीं दुपारीं सभासद जमले म्हणजे त्यांच्या टोळ्या पाडीत : एक मंद, एक वेगवान आणि सभासद पुष्कळ असले तर एक मधली. मंद टोळी आधीं निघे. प्रत्येक टोळीला पुढें एक नायक असे आणि मागें एक राखणदार. नायकाच्या पुढें कोणी जावयाचें नाहीं आणि राखणदाराच्या मागें कोणाला सोडावयाचें नाहीं, हा नियम. शेवटचा मैलभर मात्र ज्याला हवें त्यानें हवें तितकें पळावें. म्हणजे शर्यतीची खुमखुमीहि भागे आणि सोबतहि सुटत नसे.

शर्यतीचे नियम ठरले तेहि याच वृत्तीला धरून. रानांतल्या दोन वाटा कधीं सारख्या नसतात. म्हणून येथें वेळेपेक्षां क्रमांकाला महत्त्व. संघांच्या सामन्यांत प्रत्येक संघाच्या पहिल्या सहा गड्यांच्या क्रमांकांची बेरीज करावयाची, आणि ज्याची बेरीज कमी तो संघ विजयी. त्यामुळें एकटा अव्वल धांवपटू संघाला तारूं शकत नाहीं; चाळिसाव्या क्रमांकावर येणाऱ्या सहाव्या गड्यानें शेवटच्या चढावर दोघांना मागें टाकलें तर सामना फिरतो. सामान्य माणसाच्या धडपडीला इतकें मोल देणारे खेळ थोडेच असतील. १८७६ मध्यें एपिंगच्या अरण्यांत इंग्लंडच्या अजिंक्यपदाची पहिली शर्यत भरली, तेव्हां गंमत अशी झाली कीं धांवणारे वाट चुकले आणि शर्यत रद्द समजावी लागली! दुसऱ्या वर्षीं ती पुन्हां घेतली गेली आणि तेथून या अजिंक्यपदाची परंपरा सुरू झाली.

येथवरची कथा गोड आहे. पण तिला एक कडू बाजू आहे, आणि ती 'अमॅच्युअर' या शब्दांत दडलेली आहे. लॅटिन भाषेंत प्रेम करणें या अर्थाचा जो धातु आहे त्यापासून हा शब्द निघाला. मराठींत त्याला 'हौशी' म्हणतात. 'हौस' हा अरबी मुळाचा शब्दहि इच्छेचाच वाचक. म्हणजे दोन्ही भाषांत अर्थ एकच : जो आवडीखातर करतो तो. परंतु १८६६ मध्यें लंडनांत जो हौशी खेळाडूंचा प्रमुख क्लब स्थापन झाला, त्याच्या धोरणांत या शब्दाचा अर्थच पालटला. कारागीर, यंत्रशाळेंतील कामगार किंवा मजूर यांना हौशी खेळाडू म्हणतां येणार नाहीं, असें ठरविण्यांत आलें. अंगमेहनत करणाऱ्याचें शरीर आयतेंच कमावलेलें असतें, सबब त्याच्याशीं सामना न्याय्य नाहीं, असें त्याचें समर्थन करीत. वास्तविक दिवसभर विटा वाहून संध्याकाळीं पुन्हां धांवावयास निघणारा मनुष्य हौशी नव्हे, तर हौशी कोणाला म्हणावें? १८८० च्या एप्रिलांत ऑक्सफर्ड येथें तीन तरुणांच्या पुढाकारानें ॲथलेटिक्सची नवी राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तेव्हां हें कलम वगळण्यांत आलें. दार उघडलें; पण पैशाचा स्पर्श झालेल्या माणसाला बाहेर काढण्याचा नियम राहिलाच.

ससेक्स परगण्यांतील आल्फ्रेड श्रब या बांधकामावरील मजुराला या दोन्ही गोष्टींचा अनुभव आला. त्याची हकीकत अशी सांगतात कीं, एके रात्रीं आग विझविण्याचा बंब धांवत जातांना पाहून तो अंगावरच्या कामाच्या कपड्यांनिशीं त्याच्यामागें सुमारें तीन मैल पळाला. जवळच्या हॉरशम गांवच्या धांवपटूंचा नायकहि त्या वाटेनें धांवत होता. त्यानें याचे पाय पाहिले आणि त्याला आपल्या क्लबांत ओढलें. श्रबनें १९०१ पासून १९०४ पर्यंत सलग चार वर्षें इंग्लंडचें रानोमाळ धांवण्याचें अजिंक्यपद मिळविलें. १९०३ मध्यें इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड यांच्यामधील पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला, तोहि त्यानेंच जिंकला. नोव्हेंबर १९०४ मध्यें ग्लासगो येथें तो एका तासांत ११ मैल ११३७ यार्ड धांवला. परंतु १९०५ मध्यें, खर्चाच्या नांवाखालीं पैसे घेतल्याच्या आरोपावरून, त्याला हौशी खेळाडूंतून काढून टाकण्यांत आलें. तो पुढें धंदेवाईक शर्यती धांवला, ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांचा शिक्षक झाला, कॅनडांत जाऊन राहिला. आणि १९५३ मध्यें, सत्तरी ओलांडल्यावर, त्याला 'हौशी' ही पदवी परत देण्यांत आली. धांवण्याची आवड त्याला होती कीं नाहीं, हें ठरविण्यास जगाला जवळजवळ अर्धें शतक लागलें.

हौस ही कोणा एका वर्गाची मालमत्ता नाहीं, याचा दाखला महाराष्ट्रांतहि मिळाला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें १९१९ च्या सुमारास खेळांचे सामने भरविले, तेव्हां अध्यक्ष या नात्यानें सर दोराबजी टाटा हजर होते. लांब पल्ल्याच्या शर्यतींत उतरलेले गडी बहुतेक शेतकऱ्यांचे मुलगे, शेतांत राबणारे आणि अनवाणी धांवणारे. युरोपांतील नियमांची व शिकवणीची त्यांना गंधवार्ताहि नव्हती. तरी त्यांच्या वेळा युरोपीय धांवपटूंच्या वेळांशीं तुलना करण्याजोग्या आहेत, हें टाटांच्या ध्यानांत आलें. त्यांनीं मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांचें साहाय्य मिळविलें, पैशाची तरतूद केली, आणि १९२० मध्यें अँटवर्पच्या ऑलिंपिक सामन्यांना हिंदुस्थानचा संघ गेला. त्यांत बेळगांवचा फडेप्पा चौगुले होता. मॅरेथॉन शर्यत त्यानें २ तास ५० मिनिटें ४५ सेकंदांत पुरी केली आणि तो एकोणिसावा आला. शेतांच्या बांधांवरून आणि कच्च्या वाटांवरून कमावलेल्या पायांचा हा गुण.

त्याच अँटवर्पच्या सामन्यांत रानोमाळ धांवण्याची शर्यत फिनलंडच्या पावो नुर्मीनें जिंकली. नुर्मीची ख्याति अशी कीं तो हातांत घड्याळ घेऊन धांवे. गड्यांकडे न पाहतां तो सेकंदांकडे पाही. ज्या खेळांत मुळीं घड्याळच नव्हतें तेथें आतां तें अशा रीतीनें आलें. १९२४ मध्यें पॅरिस येथें १२ जुलैच्या दुपारीं ही शर्यत पुन्हां झाली. उष्णतामान ४० अंश सेंटिग्रेडच्या वर गेलें होतें. ३८ जण निघाले. त्यांपैकीं केवळ १५ परत आले. कांहीं वाटेंतच कोसळले, कांहींना क्रीडांगणांत शिरल्यावर दिशा कळेना. नुर्मी मात्र फारसें कांहीं घडलें नाहीं अशा मुद्रेनें पहिला आला. त्यानंतर ऑलिंपिक सामन्यांतून ही शर्यत कायमची काढून टाकण्यांत आली. हिंवाळ्याचा खेळ उन्हाळ्यांत खेळविला, आणि मैत्रीची धांव जिवावरची कसोटी बनविली, त्याचें हें फळ होतें.

फिनलंडच्या या वर्चस्वानें शेजारचे स्वीडनचे लोक बेजार झाले होते. पुन्हां पुन्हां हार खाल्ल्यावर त्यांचा शिक्षक गोस्टा होल्मेर यानें १९३० नंतरच्या दशकांत एक नवी पद्धति काढली. कोणाला वाटेल, त्यानें गड्यांना आणखी जुंपलें असेल. त्यानें उलटें केलें. गड्यांना मैदानावरून उचलून अरण्यांतल्या मऊ वाटांवर नेऊन सोडलें आणि सांगितलें, मनाला येईल तेव्हां जोरानें पळा, मनाला येईल तेव्हां सावकाश; समोर चढ दिसला तर तो चढून पाहा. या पद्धतीला 'फार्टलेक' म्हणतात. त्या स्वीडिश शब्दाचा अर्थ 'वेगाचा खेळ' असा आहे. एका लाकूडतोड्याचा मुलगा गुंडर हेग आणि शाळामास्तर आर्ने अँडरसन हे या अरण्यधांवेच्या परंपरेंत वाढले, आणि १९४२ ते १९४५ या तीन वर्षांत दोघांनीं आळीपाळीनें एका मैलाचा जागतिक विक्रम ४ मिनिटें ६.४ सेकंदांवरून ४ मिनिटें १.४ सेकंदांवर आणून ठेवला. खेळ म्हणून धांवल्यानें गति कमी होत नाहीं, उलट वाढते, हें यावरून सिद्ध झालें. पण १९४६ मध्यें याहि दोघांवर पैसे घेतल्याचा ठपका आला आणि त्यांना हौशी शर्यतींतून कायमचें वगळण्यांत आलें.

ज्याचा विक्रम या दोघांनीं मोडला, त्याची कथा मात्र निराळी आहे, आणि या खेळाचें खरें रहस्य तींत आहे. सिडनी वुडरसन हा लंडनचा एक वकील. बुटका, किडकिडीत आणि चष्मा लावणारा. रस्त्यानें जातांना पाहिलें तर कारकून वाटावा. त्यानें १९३७ मध्यें मैलाचा जागतिक विक्रम केला होता. पुढें महायुद्ध आलें. तारुण्याचीं ऐन वर्षें सैन्यांतील नोकरींत गेलीं. १९४४ मध्यें संधिज्वरानें त्याला कित्येक महिने रुग्णालयांत खिळवून ठेवलें, आणि पुन्हां धांवण्याची आशा धरूं नये, असा इशारा डॉक्टरांनीं दिला. तरी तो उठला. १९४६ मध्यें ऑस्लो येथें ५,००० मीटरांची युरोपीय अजिंक्यपदाची शर्यत त्यानें जिंकली. एवढ्यावर थांबला असता तरी कीर्ति पुरेशी होती. परंतु वुडरसन लहानपणापासून ब्लॅकहीथ येथील धांवपटूंच्या क्लबचा सभासद होता, आणि मैदानावरील मोठ्या शर्यती सोडल्यावर तो पुन्हां क्लबच्या सोबत्यांबरोबर चिखलवाटांवर धांवूं लागला. १९४८ मध्यें शेफील्ड येथें इंग्लंडच्या रानोमाळ धांवण्याच्या अजिंक्यपदाची शर्यत झाली. आजवर मैलावर गाजलेला हा ३३ वर्षांचा मनुष्य त्या लांब शर्यतींत उतरला आणि पहिला आला. त्यांत पैसा नव्हता आणि कोणताहि नवा विक्रम नव्हता, कारण या खेळांत विक्रमच नसतो. त्यानंतरहि वुडरसननें क्लबशीं नातें तोडलें नाहीं. तो २००६ मध्यें वयाच्या ९२ व्या वर्षीं वारला.

वुडरसनला जें उपजत कळलें होतें, तें सामान्य माणसापर्यंत पोंचविण्याचें काम न्यूझीलंडमधील एका जोडे बनविणाऱ्या कामगारानें केलें. त्याचें नांव आर्थर लिडियार्ड. १९४५ च्या सुमारास, सत्ताविशींतला हा गडी एका मित्राबरोबर पांच मैल धांवला आणि त्याची अगदीं दमछाक झाली. आज ही अवस्था, तर वीस वर्षांनीं काय होणार, या विचारानें तो हादरला. त्यानें स्वतःवरच प्रयोग आरंभिले. ऑकलंडच्या पश्चिमेकडील डोंगरांत २२ मैलांची एक वळणावळणाची वाट त्यानें ठरविली, आणि तीवर शेजारपाजारचीं तरुण मुलें बरोबर नेऊन तयार केलीं. २ सप्टेंबर १९६० रोजीं रोम येथें त्यांपैकीं दोघांनीं, पीटर स्नेल आणि मरे हॅलबर्ग यांनीं, तासाभराच्या अंतरानें दोन ऑलिंपिक सुवर्णपदकें जिंकलीं. परंतु लिडियार्डचें याहून मोठें कार्य निराळेंच आहे. प्रौढ, लठ्ठ, हृदयविकार होऊन गेलेले गृहस्थ त्यानें गोळा केले आणि त्यांना सावकाश धांवावयास लाविलें. बरोबरच्या माणसाशीं बोलतां आलें पाहिजे इतक्याच गतीनें धांवा, हा त्याचा नियम. डिसेंबर १९६२ मध्यें अमेरिकेंतील ऑरेगनचा विख्यात शिक्षक बिल बावरमन तेथें पाहुणा गेला. स्वतःला तो धडधाकट समजत होता. पण सत्तरी ओलांडलेला आणि हृदयविकारांतून उठलेला एक म्हातारा त्याला सहज मागें टाकून गेला! परत गेल्यावर बावरमननें आपल्या गांवीं असाच उपक्रम सुरू केला, १९६७ मध्यें एका डॉक्टराच्या साहाय्यानें त्यावर पुस्तक लिहिलें, आणि 'जॉगिंग' हा शब्द अमेरिकेंत घरोघर पोंचला.

इकडे हौशीपणाचे कडक नियम हळूहळू सैल झाले. १९८२ पासून खेळाडूंना पैसे घेण्याची वाट अधिकृतपणें मोकळी होत गेली. आणि १९१२ मध्यें स्थापन झालेल्या ॲथलेटिक्सच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनें २००१ मध्यें आपल्या नांवांतून 'अमॅच्युअर' हा शब्दच काढून टाकला. त्याबद्दल कोणी फारसे अश्रु ढाळले नाहींत, आणि ढाळण्याचें कारणहि नव्हतें. ज्या शब्दानें मजुराला दाराबाहेर ठेवलें आणि श्रबसारख्याला अर्धें शतक ताटकळत ठेवलें, तो नियमपुस्तकांतून गेला हें बरेंच झालें. पण ज्या वृत्तीचें तें नांव होतें ती वृत्ति कोणत्याहि पुस्तकाच्या आधारानें जगत नव्हती. नियमानें ती निर्माण झाली नव्हती. नियम गेल्यानें ती मरणारहि नव्हती.

या दोनशे वर्षांच्या इतिहासाकडे एकवार मागें वळून पाहिलें तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. धांवण्याचा आनंद तीन वेळां हरवला : शाळेनें सक्ती केली तेव्हां, पुढाऱ्यांनीं वर्गाची भिंत घातली तेव्हां, आणि घड्याळानें सोबत्याची जागा घेतली तेव्हां. आणि प्रत्येक वेळीं तो परत सांपडला तो एकाच ठिकाणीं, म्हणजे आंखलेल्या मैदानाबाहेर, चार सोबत्यांच्या संगतींत. होड्या वल्हविणारे तरुण, स्वीडनचे गडी, दुखण्यांतून उठलेला वकील आणि ऑकलंडचे लठ्ठ गृहस्थ यांच्यांत साम्य एवढेंच कीं, ते कोणाला हरविण्यापूर्वी आधीं धांवावयास निघाले. ज्यांना सुवर्णपदक मिळालें त्यांनाहि तें त्या निघण्यामुळेंच मिळालें.

म्हणून चाळिशी उलटलेल्या गृहस्थानें, किंवा गृहिणीनें, आपलें वय झालें असें म्हणून बसण्यापूर्वी हा इतिहास एकदां आठवावा. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, गतीचा अभिमान घरीं ठेवावा, बोलतां येईल इतक्याच वेगानें निघावें, आणि जवळ माळ असेल तर डांबरी सडक टाळावी. आणि घरांतील मुलें अंगणांतून विनाकारण पळत सुटलीं, तर त्यांना कारण विचारूं नये. विंबल्डनच्या माळावर १८६८ चा तो क्लब अद्यापि धांवतो. अशा क्लबांत धांव संपली म्हणजे पहिला आलेला आणि शेवटीं आलेला एकाच टेबलाशीं चहा घेतात. दोघांच्या पायांना चिखल सारखाच लागलेला असतो.